पाहुण्यांसाठी आणलेलं पाणी

सिंक तुंबलं ते मोदकांमुळे. चतुर्थीला नैवेद्याचे आणि घरच्यांचे मिळून साठेक मोदक झाले. परात, उकडीचं पातेलं, मोदकपात्र सगळं एकाच सिंकमध्ये घासलं गेलं आणि तांदळाची पिठी जाळीतून खाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पाणी रेंगाळायला लागलं, तिसऱ्या दिवशी जाईचना. गौरी उद्या यायच्या होत्या, पूजनाच्या दिवशी पंधरा पानं जेवायला होती आणि प्लंबर फोन उचलत नव्हता.

किराणावाल्याकडे ड्रेनेज साफ करायच्या पावडरच्या पुड्या लटकलेल्या असतात. एक पुडी आणली, पांढरी दाणेदार पावडर जाळीवर ओतली, कपभर पाणी घातलं आणि अर्धा तास थांबले. काही हाललं नाही. मग दुसरी पुडी रिकामी केली. आणि मग जे पुडीवर कुठेही लिहिलेलं नव्हतं ते केलं: गॅसवर पाणी उकळत होतं, ते पातेलंच वर ओतलं.

आता विचार केला की स्वतःचंच हसू येतं. पिठीवर उकळतं पाणी ओतलं की उकड होते, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? दोन दिवसांपूर्वी तेच तर केलं होतं. शिवाय ती पावडर म्हणजे बहुतांशी कॉस्टिक सोडा. तो थंड पाण्यात पडला तरी पाणी तापतं, काही पुड्यांमध्ये तर ॲल्युमिनियमचे कण असतात, ते वायू सोडून बुडबुडे काढतात. खाली बोळा, वर कॉस्टिक, त्यावर उकळतं पाणी. वाफेने चष्मा धुरकटला म्हणून मी तो काढून ओट्यावर ठेवला आणि पाणी उतरतंय का ते बघायला वाकले.

सिंकने ढेकर दिला. दुसरा शब्द नाही मला सुचत. गडगड असा आवाज आला आणि पांढरट पाण्याचा फवारा उजव्या डोळ्यात, गालावर आणि हातावर आला.

पहिले काही क्षण वाटलं तितकं दुखलं नाही. गरम पाण्याचा चटका बसावा तसं वाटलं. मी पदराने तोंड पुसलं. गाल आणि मनगट बुळबुळीत लागत होतं, अंगाचा साबण नीट धुतला गेला नाही की लागतं तसं. ओट्यावरचा भांड्यांचा साबण उडाला असेल असं मी सासूबाईंना म्हणालेसुद्धा. तो साबण कुठून आला होता ते काकांनी दोन दिवसांनी सांगितलं. कॉस्टिक आणि चरबी एकत्र आली की साबण होतो, साबणाचे कारखाने त्यावरच चालतात. इथे चरबी माझ्या कातडीतली होती.

मग डोळा मिटला गेला तो उघडेना. आत कुणी वाळू ओतून चोळावी तसं व्हायला लागलं.

घरात तीन माणसं आणि तीन उपाय. सासूबाई म्हणाल्या, "अगं, थंड दूध घाल डोळ्यात, नाहीतर गुलाबपाणी आहे देवघरात." नवरा बीएस्सी झालेला. तो फ्रिज उघडून लिंबू शोधायला लागला: "अल्कली आहे ना ते, थोडं ॲसिड घातलं की न्यूट्रल होईल." लेक नुसतीच रडत होती, आणि खरं सांगायचं तर त्या घडीला तिघांत तीच सगळ्यात कमी धोकादायक होती. मी नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. आमच्या डोंबिवलीत त्या दिवशी पाणीकपात होती, सोसायटीने सकाळी दोन तास टाकी सोडून बंद केली होती.

लेकीचं रडणं ऐकून समोरच्या दारातले काका आले. काका अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं ऑपरेटर होते. एरवी त्यांचं आमच्याशी बोलणं सोसायटीच्या मेंटेनन्सपुरतं. ते आत आले, ओट्यावरची फाटलेली पुडी उचलून वाचली आणि नवऱ्याला म्हणाले, "लिंबू ठेव बाजूला. पाणी कुठाय?"

पाणी होतं. पूजनाच्या जेवणासाठी वीस लिटरचे दोन जार सकाळीच येऊन पडले होते, सीलसकट.

पुढची वीस मिनिटं मी बाथरूमच्या फरशीवर आडवी होते. काकांनी मान उजवीकडे वळवायला लावली, जखमी डोळा खाली, म्हणजे त्यातलं पाणी वाहून चांगल्या डोळ्यात जायला नको. नवरा तांब्याने धार धरत होता, नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला. पापणी इतकी घट्ट मिटत होती की माझ्याच्याने ती उघडी धरवेना, तेव्हा सासूबाईंनी ओल्या रुमालाने वरची पापणी वर आणि खालची खाली ओढून धरली. डोळा वर फिरव, खाली फिरव, डावीकडे, उजवीकडे, असं काका दाराबाहेरून ओरडत होते. बाहेरून, कारण त्यांनी आधी मला अंगावरची साडी सोडायला लावली होती. पदर भिजला होता आणि त्याच पदराने मी तोंड पुसलं होतं. बांगड्याही काढायला लावल्या. मनगटावर सगळ्यात खोल भाजलं ते बांगड्यांच्याच खाली.

पाच मिनिटांनी मी म्हणाले, बास, आता बरं वाटतंय. खरंच बरं वाटत होतं.

"सूनबाई, बरं वाटायला नाही धुवत आपण," काका म्हणाले. "घड्याळाकडे बघून धुतो. अजून पंधरा मिनिटं."

त्यांच्या प्लांटमध्ये दर काही पावलांवर डोळे धुवायचे फवारे असत आणि नवीन पोराला पहिल्या दिवशी डोळे बांधून तिथपर्यंत चालत जायला लावत. ॲसिड डोळ्यात गेलं की वरचा थर शिजतो, अंड्याचा पांढरा घट्ट होतो तसा, आणि तो थर बऱ्याचदा पुढच्याला अडवतो. कॉस्टिक असं थांबत नाही. ते चरबी विरघळवत आत झिरपत जातं, दुखायचं कमी झालं तरी. ॲसिड म्हटलं की आपण सगळे दचकतो आणि पांढऱ्या पुडीला भीत नाही, हे मला त्या फरशीवर पडल्या पडल्या प्रथमच कळलं. एक अख्खा जार संपला आणि दुसऱ्याचं सील फुटलं.

रिक्षात बसताना काकांनी नवऱ्याला ती पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घ्यायला लावली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात थांबलो तो मात्र वेळ वाया गेला. तिथे दोन थेंब टाकून डोळ्यावर पट्टी लावायला घेतली, आणि डोळ्याचे डॉक्टर संध्याकाळी सातला येतात, तेव्हा या, म्हणाले. काका म्हणाले, पट्टी नको, पुढे चला. आत काही उरलं असेल तर पट्टीखाली ते कोंडून राहतं.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात रांग होती. नवऱ्याने काउंटरवर "डोळ्यात कॉस्टिक गेलंय" असं मोठ्याने सांगितलं आणि केसपेपर निघायच्या आधीच मला आत घेतलं. पहिल्यांदा दृष्टी तपासतील असं मला वाटलं होतं. पण डॉक्टरांनी खालची पापणी ओढून तिच्या आत कागदाची एक बारीक पट्टी टेकवली, लघवी तपासायच्या पट्टीवर असतो तसला रंग बदलणारा कागद. पीएच म्हणजे ॲसिड की अल्कली ते सांगणारा आकडा, अल्कली असेल तर तो वर जातो. निरोगी डोळ्याचं पीएच साधारण सातच्या थोडं वर असतं. माझं नऊच्या आसपास आलं. वीस मिनिटं धुऊन, सव्वा जार ओतून, नऊ!

"घरी धुतलंत म्हणून नऊ," मॅडम म्हणाल्या. "आता आम्ही धुतो."

बधिर करायचे थेंब टाकले आणि सलाइनची नळी बाटलीसकट डोळ्यावर लावली. दोन बाटल्या. मधेच मॅडमनी वरची पापणी काडीवर उलटी केली, मग आणखी एकदा उलटी केली, आणि कापसाच्या बोळ्यावर एक पांढरा कण काढून मला दाखवला. रव्याच्या दाण्याएवढा. तो तिथे बसून सावकाश विरघळत होता, आणि म्हणून कितीही पाणी घातलं तरी आकडा खाली येत नव्हता. कण निघाल्यावर पुन्हा धुतलं, दहा मिनिटं थांबून पुन्हा कागद लावला. थांबायचं कारण असं की डोळ्याच्या आतल्या थरात मुरलेलं कॉस्टिक हळूहळू परत वर येतं. तो कागद सातच्या घरात स्थिर झाल्यावरच त्यांनी मला मशीनपुढे बसवलं, पिवळा रंग टाकला आणि निळ्या उजेडात बघितलं.

मी विचारलं, डोळा फार लाल झालाय का? त्यांच्या उत्तराने पोटात गोळा आला. लाल असणं चांगलं, म्हणाल्या, लाल म्हणजे रक्त पोचतंय. भीती पांढऱ्या पडलेल्या भागाची असते. बुबुळाच्या कडेला गोल रेघेसारखी जागा असते, तिथल्या मूळ पेशींमधून बुबुळाचं वरचं पातळ आवरण आयुष्यभर नव्याने तयार होत राहतं. तिथल्या रक्तवाहिन्या जळाल्या की ती जागा चिनीमातीसारखी पांढरी दिसते आणि मग बुबुळ भरून यायला कच्चा मालच उरत नाही. माझी कड एका बाजूने, तृतीयांशापेक्षा कमी, पांढरी होती. बुबुळ धुरकट, पण मागचं दिसण्याइतपत. चार पायऱ्यांपैकी दुसरी. दुसऱ्या पायरीला डोळा वाचायची आशा चांगली असते, चौथीला फारशी नसते.

मी त्यांना ते बधिर करायचे थेंब घरी न्यायला मागितले. त्या हसल्या. ते थेंब वारंवार घातले तर जखम भरतच नाही, त्यामुळे कुणाच्याही हातात देत नाहीत. त्याऐवजी पिशवीभर दुसरी औषधं मिळाली: प्रतिजैविकाचे थेंब, पहिल्या आठवड्यापुरते स्टेरॉइडचे, बाहुली मोठी करून आतला स्नायू सैल ठेवणारे, दर तासाला घालायचे कृत्रिम अश्रू, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि डॉक्सीसायक्लिनच्या कॅप्सूल. ही कॅप्सूल जंतूंसाठी नव्हती. अशा जखमेत बुबुळाचा धागा विरघळवणारी विकरं सुटतात, त्यांना ती आवर घालते, आणि क जीवनसत्त्व नवा धागा विणायला लागतं. औषधं कशासाठी ते कळलं की वेळेवर घेतली जातात, निदान माझ्याकडून तरी.

वाट बघायच्या खोलीत काका तंबाखू मळत बसले होते. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांच्या हातातल्या चुन्याच्या डबीकडे बघून थांबल्या. "आजोबा, घरात लहान मूल आहे?" काकांचा नातू दोन वर्षांचा. मग मॅडमनी उभ्या उभ्या सांगितलं की अशा केसेसमध्ये लहान मुलं येतात ती बहुतेक चुन्याची. पुडी दाबून फोडायला मुलांना मजा येते, ती तोंडासमोर फुटते, आणि चुना ओला पिठासारखा असल्यामुळे पापणीच्या कोपऱ्यात चिकटून बसतो. तोही अल्कलीच. दोन्ही डोळ्यांत गेला तर आणखी अवघड, कारण एका डोळ्यातल्या मूळ पेशींचा छोटा तुकडा घेऊन दुसऱ्यात लावायची शस्त्रक्रिया असते, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी तिची एक सोपी पद्धत २०१२ मध्ये मांडली, पण तुकडा घ्यायला एक डोळा शाबूत लागतो. तीस वर्षं कॉस्टिकच्या टाक्यांशेजारी काढलेले काका डबी हातात धरून गप्प बसले. कारखान्यात इतकी वर्षं जे जपलं ते खिशात घेऊन फिरत होतो, असं रिक्षात एकदाच म्हणाले.

रसायनाने भाजलेली बाई म्हणून हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं होतं. मला ते आधी अपमानाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले तेव्हा एक महिला हवालदार जबाब घ्यायला आल्या. त्यांनी नवऱ्याला आणि सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, दार लावून घेतलं, आणि पेन बाजूला ठेवून विचारलं, "ताई, घरात काही त्रास आहे का? कुणी टाकलं असेल तर आत्ता सांगा." मी हसत हसत सिंकवर संशय आहे म्हणाले. त्या हसल्या नाहीत. एका डोळ्याने त्यांच्याकडे बघताना मला जाणवलं की "सिंकमधून उडालं" हे वाक्य त्यांनी याआधी अशाच खोल्यांमध्ये ऐकलेलं असणार, आणि दर वेळी ते खरं नसणार. अपमान वगैरे तिथेच विरला. मी नीट जबाब दिला, पुडीचा फोटो दाखवला, सही केली.

गौरी आल्या. जावांनी आणल्या, मी काळा चष्मा घालून कोचावर. बाहुली मोठी झालेली असल्यामुळे समईचा उजेडसुद्धा टोचत होता आणि मुखवट्यांच्या जागी दोन सोनेरी डाग दिसत होते. आलेल्या प्रत्येक बाईने एकेक उपाय सांगितला. मध, कोरफड, गाईचं तूप, एकीने चक्क निरंजनाचं काजळ. सासूबाई, ज्यांनी स्वतः दूध सुचवलं होतं, प्रत्येकीला एकच उत्तर देत होत्या: "पाणी. नुसतं पाणी, आणि घड्याळ." दरवेळी आवाज थोडा चढत होता.

आवरण भरून यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत पाच वेळा हॉस्पिटल. डोळ्याचा दाबही दर वेळी मोजायचे, कारण अशा जखमेनंतर तो वाढू शकतो. मनगटावरचं भरायला तीन आठवडे गेले, तिथे अजून तपकिरी पट्टा आहे, बांगडीसारखाच. डोळा कोरडा पडतो. दिसतं, पण शेवटून दुसरी ओळ वाचताना अजून अडखळते.

प्लंबर आला तोही किस्साच. तो सरळ हात घालणार होता, काकांनी दारातून ओरडून थांबवलं, कारण दोन पुड्यांचं कॉस्टिक अजून सिंकखाली तसंच होतं. मग हातमोजे, चष्मा, खाली प्लास्टिकची बादली. सिंकखाली जो पांढरा डबा असतो तो त्याने हाताने फिरवून काढला. पाना लागला नाही. आतून खरवसासारखी थलथलीत पांढरी वडी पडली. कॉस्टिकने पिठी विरघळत नाही, तिची खळ होते. पाच मिनिटं, दोनशे रुपये.

बरी झाल्यावर मी घरातल्या बाटल्या ओट्यावर मांडून बघितल्या. सगळ्या सिंकखालच्या कपाटात, म्हणजे लेकीच्या गुडघ्याच्या उंचीवर होत्या. संडास साफ करायच्या निळ्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड. कपडे पांढरे करायचं ब्लीच. आणि एक बाटली सायकलवर फिनेल-ॲसिड विकणाऱ्याकडून घेतलेली, सुट्टं ॲसिड, कोल्डड्रिंकच्या बाटलीत, लेबलही कोल्डड्रिंकचंच. अशी विक्री करायची असेल तर विकणाऱ्याने वहीत नोंद ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जुलै २०१३ चा आहे. आमच्या सायकलवाल्याने मला फक्त "मोठी देऊ की छोटी" एवढंच विचारलं होतं.

मॅडमना मी विचारून ठेवलं, हे पोरीच्या पोटात गेलं असतं तर? सासूबाईंच्या पिढीचं उत्तर तयार असतं: मिठाचं पाणी पाजा, उलटी काढा. मॅडम म्हणाल्या, तेच करायचं नाही. जाताना अन्ननलिका एकदा जळलेली असते, उलटीने दुसऱ्यांदा जळते. लिंबू, ताक, सोडा काही नाही. तोंड पुसायचं, चूळ भरता येत असेल तर भरायची, बाटली बरोबर घ्यायची आणि दुर्बिणीची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं. ओठ बरे दिसतात म्हणून घरी थांबायचं नाही, तोंडात काही नसताना आत भाजलेलं असतं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, फोन चोवीस तास, १८०० ११६ ११७. हा नंबर आता आमच्या फ्रिजवर आहे, दूधवाल्याच्या हिशोबाच्या वर.

आणि हे सगळं मी आमच्या कामाच्या मावशींना सांगत होते तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "संडास घासताना मी निळं आणि पांढरं दोन्ही टाकते, लख्ख होतं. खोकला तेवढा येतो, घसा धरतो." किती वर्षं? "पहिल्यापासून." निळ्यातलं ॲसिड आणि पांढरं ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन सुटतो, आणि आमच्या चार बाय चारच्या संडासात, दार लावून, त्या तो हुंगत होत्या. आम्ही कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ब्लीच घरातून गेलं. पण त्या इतर चार घरी जातात, आणि तिथे काय टाकायचं ते त्या घरच्या बाया ठरवतात. मी त्यांना म्हटलं, माझं नाव सांगून सांगा, डोळा गेलेली बाई म्हणून. "गेला कुठं तुमचा?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तसंच सांगा, त्याशिवाय ऐकणार नाहीत.

काकांची चुन्याची डबी आता पॅन्टच्या खिशात नसते. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक खिळा ठोकलाय, त्याला पिशवी टांगलीय, नातवाचा हात पोचत नाही तिथे. तंबाखू सुटली नाही.

यंदा गौरींच्या आदल्या दिवशी नवऱ्याने पाणीवाल्याला फोन लावला आणि माझ्याकडे बघून विचारलं, दोन सांगू ना? मी आतून ओरडले, तीन सांग.